सोसायटीच्या अ‍ॅपमधले वाहन१ ते वाहन४ : प्रकल्प नोंदी

काम ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं. पाच विंग, तीनशेच्या वर फ्लॅट. मेंटेनन्सची बिलं, गाड्यांची नोंद, पार्किंग स्टिकर, मेंबरांचे मोबाइल, सगळं एका पीएचपी (प्रोग्रामिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरणाऱ्या वेब अ‍ॅपवर चालतं. अ‍ॅप सोसायटीतल्याच एका रहिवाशाने फावल्या वेळात केलेलं, नंतर आणखी काही जणांचे हात त्यावर फिरलेले. वर्षानुवर्षं बिलं निघतायत, त्यामुळे नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या गळ्यात असंच ‘अमुक१, अमुक२, अमुक३’ छापाचं टेबल पडलंय त्यांच्यासाठी या नोंदी. टेबल-कॉलमची नावं इथे मराठीत लिहिली आहेत, कोडमध्ये अर्थातच तशी नाहीत.

२ जून २०२५

कमिटीची मागणी एका वाक्याची. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट) ही नंबर प्लेट लावायची आहे, तर कोणाची लागली आणि कोणाची राहिली ते अ‍ॅपमध्ये दिसू दे. “एक टिकच तर टाकायची आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

टिक एक नाही, चार. सदनिका टेबलमध्ये एका फ्लॅटची एक ओळ, आणि त्या ओळीत वाहन१, वाहन२, वाहन३, वाहन४. शिवाय मोबाइल१ ते ३, सहसभासद१ ते ३, नॉमिनी१ ते ३, हिस्सा१ ते ३, पत्ता१ ते ३. टिक टाकायची तर एचएसआरपी१ ते एचएसआरपी४ हे चार कॉलम आले. प्लेट लावल्याची तारीख उद्या मागणारच, म्हणजे अजून चार. आणि कोणाकडे पाचवी गाडी आली की पुन्हा पहिल्यापासून.

गाडी शोधायची क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) म्हणजे चारही कॉलमवर लाइक (अर्धवट जुळणी) आणि मध्ये ऑर (किंवा). बिलाच्या फाइलीत चार इफ. फॉर्ममध्ये एकच डबा चारदा कॉपी-पेस्ट केलेला आणि तिसऱ्या डब्याच्या लेबलवर अजून ‘दुसरे वाहन’ असंच लिहिलेलं.

वाहनं आणि मोबाइल वेगळ्या टेबलांत काढायचं ठरवलं. बाकीच्या जोड्यांना आत्ता हात लावणार नाही. बावीस हजार सांगितले, निम्मे आगाऊ. एका टिकेचे बावीस हजार का, हे पटवण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

४ जून

बॅकअप. होस्टिंगच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) एक्स्पोर्ट केला, फाइल उतरली, साइजही बरी वाटली. लॅपटॉपवर चढवल्यावर कळलं की शेवटची काही टेबलं आलेलीच नाहीत. मध्येच टाइमआउट झाला होता आणि पानावर कसलीच एरर नव्हती. मग एसएसएचने (सर्व्हरवर थेट कमांड देऊन) मायएसक्यूएलडम्प, म्हणजे सगळ्या डेटाची फाइल, घेतला. त्याच्या फाइलच्या अगदी शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ अशी ओळ येते. ती ओळ दिसली तरच फाइल पूर्ण समजायची.

होस्टवर मायएसक्यूएल ५.७, माझ्या लॅपटॉपवर ८.०. आज त्याकडे कानाडोळा केला.

६ जून

आज कोड नाही, फक्त डेटा वाचला. प्रत्येक कॉलममध्ये कोणती वेगळी मूल्यं किती वेळा आली आहेत त्याची यादी काढून खाली खाली गेले. ही यादी काढल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये.

‘गाडी नाही’ हे सांगायच्या तऱ्हा: नल (मूल्यच नाही), रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर), एक डॅश, दोन डॅश, ‘एनए’, ‘निल’, ‘नाही’, आणि एकाने लिहिलंय ‘विकली’.

गाडीचे नंबर कधी स्पेस देऊन, कधी डॅश देऊन, कधी सलग. एमएच नंतरच्या ०४ मध्ये शून्याऐवजी इंग्रजी ओ अक्षर टाइप केलेलं बऱ्याच ठिकाणी. डोळ्यांना फरक दिसत नाही, क्वेरीला दिसतो.

चार कॉलम सारखे असतील असं गृहीत धरलं होतं, ते तसे नाहीत. वाहन१ ते ३ पंधरा अक्षरांचे, वाहन४ दहा अक्षरांचा. तो नंतर कोणीतरी जोडला. सलग लिहिलेला नंबर दहा अक्षरांत बसतो. डॅश घालून लिहिला की तेरा अक्षरं होतात आणि शेवटची तीन कापली जातात. होस्टवर स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद, त्यामुळे फॉर्मने निमूटपणे ‘सेव्ह झालं’ म्हटलं. वाहन४ मधले असे अर्धवट नंबर डेटाबेसमधून परत मिळण्याची सोय नाही, कागदावरच शोधावे लागणार.

मोबाइल३ त्याहून वाईट. मोबाइल१ आणि २ स्ट्रिंग आहेत, मोबाइल३ इंट (पूर्णांक). ज्या ज्या फ्लॅटने तिसरा नंबर दिला त्या सगळ्यांचा नंबर एकच: २१४७४८३६४७. साइन्ड इंटमध्ये बसणारा हा सगळ्यात मोठा आकडा. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, दहा अंकी आहेत, म्हणजे प्रत्येक नंबर या मर्यादेच्या वरच जाणार आणि कापून इथेच येऊन थांबणार. इतकी वर्षं हा कॉलम कोणी वापरलाच नव्हता, म्हणून कोणाला पत्ता नव्हता.

‘शेरा’ नावाचाही एक कॉलम आहे. त्यात काही ठिकाणी स्वल्पविराम देऊन पाचवी आणि सहावी गाडी लिहून ठेवलेली सापडली. चार डबे पुरले नाहीत तेव्हा ऑफिसने काढलेला मार्ग.

९ जून

पहिलं मायग्रेशन (जुन्या टेबलातून नव्यात डेटा हलवणं) लॅपटॉपवर. पद्धत साधी: वाहन१ साठी एक सिलेक्ट, वाहन२ साठी दुसरा, असे चार सिलेक्ट युनियन ऑलने जोडायचे आणि निकाल नव्या वाहन टेबलात इन्सर्ट करायचा. रिकामे आणि डॅशवाले गाळायचे, ओ चा शून्य करायचा, स्पेस-डॅश काढून मोठ्या अक्षरात सलग नंबर ठेवायचा.

पहिल्याच फटक्यात ‘इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स’. वाहन४ नंतर जोडलेला असल्यामुळे त्याचं कोलेशन (अक्षरांची तुलना कशी करायची याचा नियम) जनरल, बाकी तिघांचं युनिकोड. प्रत्येक सिलेक्टमध्ये कोलेशन स्पष्ट लिहून दिल्यावर गाडी पुढे सरकली. युनियन आणि युनियन ऑल यातही फरक आहे. नुसतं युनियन लिहिलं तर सारख्या ओळी गुपचूप एक होतात. एकाच फ्लॅटमध्ये एक नंबर दोन डब्यांत भरलेला असेल तर तो मला दिसायला हवा होता, म्हणून ऑल.

मग वाटलं, वाहन२ रिकामा आणि वाहन३ भरलेला अशा फटी कशाला ठेवायच्या? रो_नंबर (ओळींना क्रमांक देणारं फंक्शन) वापरून प्रत्येक फ्लॅटच्या गाड्यांना १, २, ३ असे नव्याने क्रम दिले. टेबल एकदम नीटनेटकं दिसायला लागलं.

नशिबाने एक तपासणी आधीच ठरवून ठेवली होती. मे महिन्याची बिलं निघून गेलेली आहेत, तर नव्या टेबलावरून मेचीच बिलं पुन्हा काढायची आणि पार्किंगची रक्कम फ्लॅटमागे जुळवायची. जुळत नाही. पाच-सहा फ्लॅट नव्हे, प्रत्येक विंगमध्ये ढीगभर. बिलाचं कोड पुन्हा वाचलं: वाहन१ भरलेलं असेल तर पाचशे, वाहन२ ला तीनशे, वाहन३ आणि ४ ला शंभर-शंभर. हे दर असे का, याची कोडमध्ये एक ओळही नाही.

११ जून

सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथले मॅनेजर काका अ‍ॅप यायच्या आधीपासून आहेत. दर दाखवून विचारलं, पहिल्या गाडीला जास्त आणि तिसरीला कमी असं कसं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लिफ्ट कुठे आहे विचारलं.

“अहो ताई, पहिला रकाना स्टिल्टमधल्या गाडीचा, दुसरा ओपनमधल्या. तिसरा-चौथा टू-व्हीलरचे. सगळ्यांना माहितीये.”

(स्टिल्ट म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, ओपन म्हणजे उघड्यावरची.) त्यांनी कपाटातून वाहनांचं रजिस्टर काढलं. जाड बांधणीचं, पान आडवं, हाताने आखलेले चार रकाने आणि त्यावर लाल पेनने लिहिलेलं: स्टिल्ट, ओपन, दुचाकी, दुचाकी. ज्याने अ‍ॅप केलं त्याने हे पान समोर ठेवूनच टेबल केलं असणार. रकाने आले, डोक्यावरची लाल अक्षरं तेवढी राहिली.

म्हणजे ज्या फ्लॅटकडे फक्त स्कूटर आहे त्याचं वाहन१ आणि २ रिकामं असणं ही माहिती होती. मी फट बुजवली आणि स्कूटरला स्टिल्टमध्ये नेऊन पाचशे रुपये लावले. कॉलमच्या नावातला आकडा नुसती मोजणी आहे, क्रम आहे, की त्याच्यात आणखी काही दडलंय, हे डेटाबेस कधीच सांगत नाही. ते ऑफिसात विचारावं लागतं, आणि तेही कोड लिहायच्या आधी.

नवं टेबल आता असं: आयडी, सदनिका, नंबर, प्रकार (चारचाकी की दुचाकी), जागा (स्टिल्ट, ओपन किंवा काही नाही), एचएसआरपी, प्लेटची तारीख, कधीपासून, कधीपर्यंत. आणि जुना_रकाना नावाचा कॉलम, ज्यात १ ते ४ हा मूळ आकडा जसाच्या तसा. हा शेवटचा कॉलम अ‍ॅप वापरणार नाही. पुढे काही जुळलं नाही तर कोणती गाडी कुठून आली ते बघायला ठेवलाय, आणि तो पुढे पुन्हा पुन्हा कामाला आला.

मोबाइललाही तोच प्रश्न विचारला. बिलाचा एसएमएस फक्त मोबाइल१ वर जातो, म्हणजे पहिला आकडा ‘मुख्य’ या अर्थाचा. दुसरा आणि तिसरा नुसते जास्तीचे. तिथे ‘मुख्य’ असा एक कॉलम पुरला.

तिसऱ्या मोबाइलचे खरे नंबर मेंबरशिपच्या कागदी फॉर्मांवर आहेत. ते आणि अर्धवट गाडीनंबर परत टाइप करायला ऑफिसच्या मुलाला सोसायटीने दोन हजार वेगळे दिले. माझ्या कोटेशनमध्ये हा खर्च नव्हता. पुढच्या वेळी धरणार.

१४ जून

फॉर्म. चार डबे काढून ‘आणखी वाहन जोडा’ असं बटण दिलं. दाबलं की एक ओळ वाढते. पीएचपीत कंसवालं नाव दिलं की सगळ्या ओळी अ‍ॅरेमध्ये मिळतात, त्यामुळे हा भाग तासाभराचा वाटला होता.

पहिली अडचण टिकेची. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. नंबरांचा एक अ‍ॅरे, टिकांचा दुसरा, असं रिकाम्या कंसाने केलं तर तीन गाड्यांचे तीन नंबर येतात आणि टिक फक्त शेवटच्या गाडीला असेल तर टिकांच्या अ‍ॅरेत एकच मूल्य येतं, तेही शून्याव्या जागी. टिक तिसऱ्या गाडीला केली, सेव्ह झाली पहिल्या गाडीला. उपाय: कंस रिकामा सोडायचाच नाही. नाव वाहन[३७][एचएसआरपी] असं द्यायचं, ३७ हा त्या गाडीचा आयडी. नव्या ओळीला जावास्क्रिप्टने ‘नवी१’, ‘नवी२’ अशी तात्पुरती किल्ली दिली. मधली ओळ उडवली तरी पीएचपीला फरक पडत नाही, किल्ल्या सलग असाव्यात अशी त्याची अपेक्षा नसते.

दुसरी अडचण जास्त महागात पडली असती. सेव्ह करताना त्या फ्लॅटच्या सगळ्या जुन्या ओळी डिलीट करून आलेल्या सगळ्या नव्याने इन्सर्ट करायच्या, हा सोपा रस्ता घेतला होता. बहुतेक ठिकाणी हेच शिकवतात. पण स्टिकरचं टेबल मी नव्या वाहन आयडीला फॉरेन कीने जोडलं होतं आणि त्यावर ऑन डिलीट कॅस्केड (मूळ ओळ गेली की तिला जोडलेल्या ओळीही जातात) होतं. फॉर्म नुसता उघडून काहीही न बदलता सेव्ह केला, आणि त्या फ्लॅटचे सगळे स्टिकर नाहीसे. लॅपटॉपवर घडलं म्हणून बचावले.

आता आलेल्या ओळींची डेटाबेसमधल्या ओळींशी आयडीवरून तुलना होते: दोन्हीकडे आहे ती अपडेट, फक्त फॉर्ममध्ये आहे ती इन्सर्ट, फक्त डेटाबेसमध्ये आहे तिला ‘कधीपर्यंत’ ची तारीख. डिलीट कुठेच नाही. कॅस्केड काढून रिस्ट्रिक्ट (जोडलेल्या ओळी असतील तर डिलीटच होऊ न देणं) केलं. आणि आलेला आयडी खरंच त्याच फ्लॅटचा आहे ना, हे सर्व्हरवर तपासायचं. नाहीतर ब्राउझरमध्ये ३७ चा ३८ करून कोणीही शेजाऱ्याची गाडी आपल्या नावावर घेईल. जुन्या फॉर्ममध्ये हा धोका नव्हता, तिथे गाडीला आयडीच नव्हता.

एकच नंबर दोन फ्लॅटमध्ये चालू नसावा म्हणून नंबर आणि कधीपर्यंत या दोन्हींवर मिळून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा न येऊ देणारा नियम) टाकली. ती काही अडवेना. चालू गाड्यांना कधीपर्यंत नल ठेवलं होतं, आणि मायएसक्यूएलच्या युनिक कीमध्ये नल कितीही वेळा चालतं. चालू गाड्यांना ९९९९ सालची तारीख दिली, मग की खरी लागली. बी विंगमधून डी विंगमध्ये विकलेली एक कार लगेच दोन्हीकडे सापडली.

१७ जून

कमिटीने मागितलं: वॉचमन बेसमेंटमध्ये फिरून प्लेटा बघेल, तर सगळ्या गाड्या एकाच पानावर द्या, तिथेच टिका करतो. दिलं पान. दुसऱ्या दिवशी फोन, “ताई, डी विंगच्या पुढच्या टिका राहतच नाहीत.”

गंमत अशी की तुटण्याची जागा दर वेळी थोडी सरकत होती. कधी डीच्या सुरुवातीला, कधी मध्यावर. त्यामुळे आधी डेटावर संशय घेतला, मग डी विंगच्या फ्लॅट नंबरांवर, मग ब्राउझरवर. दुपार त्यात गेली. शेवटी सर्व्हरचा एरर लॉग उघडला तेव्हा वॉर्निंग दिसली: मॅक्स_इनपुट_व्हार्स. पीएचपी एका फॉर्ममधून मुळात १००० च व्हेरिएबल घेतं, पुढची सोडून देतं. गाडीमागे आयडी, टिक आणि तारीख असे तीन, म्हणून सगळ्या टिका केल्या असतील तर साधारण सव्वातीनशे गाड्यांनंतर पुढचं काही पोचत नव्हतं. न केलेली टिक जात नसल्यामुळे टिका जितक्या कमी तितकी जागा पुढे सरकायची.

ही मर्यादा कोडमध्ये इनी_सेट (पीएचपीची सेटिंग बदलणारं फंक्शन) लिहून वाढत नाही, कारण स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत फॉर्म वाचून झालेला असतो. फोल्डरच्या सेटिंगमध्ये वाढवता येते, पण वाढवली नाही. विंगवार पान केलं. वॉचमनही एका वेळी एकच विंग करतो.

१९ जून

ऑडिटरला दर वर्षी जाणारी एक्सेल जुन्या साच्याचीच हवी: फ्लॅट, स्टिल्ट, ओपन, दुचाकी, दुचाकी. त्यांच्याकडे त्यावर फॉर्म्युले लावलेले आहेत. म्हणजे ओळींचे परत कॉलम करायचे. मॅक्स आणि केस वापरून ग्रुप बाय फ्लॅट (फ्लॅटमागे एक ओळ) केला, त्याचा व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) केला आणि जुन्याच कॉलमची नावं दिली. जुने रिपोर्ट त्या व्ह्यूवर हलवले, एकही रिपोर्ट नव्याने लिहावा लागला नाही. व्ह्यू फक्त वाचायला. ग्रुप बाय असलेल्या व्ह्यूमध्ये अपडेट करता येत नाही, आणि ते बरंच आहे.

तिसरी दुचाकी या साच्यात बसत नाही आणि चुपचाप गळते, म्हणून शेवटी ‘एकूण वाहने’ असा कॉलम जोडला. साच्यातल्या आणि एकूण आकड्यात फरक असेल तर ऑडिटरला दिसेल.

नोटीस बोर्डसाठी विंगवार नावांची यादी ग्रुप_कॉन्कॅटने (अनेक ओळींतली मूल्यं एकत्र जोडणारं फंक्शन) काढली, ती मध्येच एका नावाच्या अर्ध्यावर तुटली. त्याची मुळातली मर्यादा १०२४ बाइट आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. इंग्रजी नावांवर चाचणी केली तेव्हा सगळी विंग बसली होती. सेशनमध्ये ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन वाढवून दिली.

२१ जून

गेटवरची शोधपट्टी. वॉचमन पूर्ण नंबर कधीच टाकत नाही, शेवटचे चार आकडे टाकतो. दोन्ही बाजूंना टक्के-चिन्ह लावलेल्या लाइकला इंडेक्सचा (शोध जलद करणारी सूची) उपयोग होत नाही, पण पाच-सहाशे ओळींना काय फरक पडतो म्हणून सोडून दिलं होतं. प्रश्न वेगाचा निघाला नाही. ‘४३’ टाकलं की नवी मुंबईच्या वाशी आरटीओच्या सगळ्या गाड्या, ‘०४’ टाकलं की जवळपास अख्खी सोसायटी.

म्हणून चार आकड्यांचा वेगळा कॉलम केला, त्यावर इंडेक्स. शेवटची चार अक्षरं कापून घेतली तर बीएच (भारत) सिरीजच्या गाड्या फसतात. तिथे आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी अक्षरं. चार आकडे मध्ये आहेत. डेटाबेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा साचा देऊन शोधणं) काढायला गेले तर ते फंक्शन ५.७ मध्ये नाहीच, ८.० ला आलं. रो_नंबरचंही तेच. ९ तारखेचं ते क्रम लावणं ऑफिसच्या कृपेने बाद झालं नसतं तर होस्टवर चाललंच नसतं. आकडे पीएचपीतच काढून सेव्ह करतेय. आजपासून लॅपटॉपवरही डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळा बंदिस्त ठेवून चालवायचं साधन) ५.७. हे ४ तारखेला करायला हवं होतं.

२४ जून

उरलेल्या जोड्यांचं काय, असं खजिनदारांनी विचारलं. लिहून दिलेलं उत्तर थोडक्यात:

पत्ता१ ते ३ आहेत तसेच राहू देत. आकडे लागलेत म्हणून ती यादी होत नाही, त्या पाकिटावरच्या तीन ओळी आहेत. पत्त्याची दुसरी ओळ कोणी स्वतंत्रपणे शोधत नाही.

सहसभासदांमध्ये क्रम हाच मुद्दा. शेअर सर्टिफिकेटवर ज्या क्रमाने नावं आहेत तोच क्रम राहायला हवा. वेगळं टेबल केलं तर क्रम कॉलम आणि फ्लॅट-क्रमावर युनिक की लागेल. करून बघितलं. एक आणि दोनची अदलाबदल करताना मायएसक्यूएल प्रत्येक ओळ बदलताक्षणी युनिक तपासतो, त्यामुळे पहिला अपडेटच अडकतो. आधी एकाला उणे क्रम द्यायचा, दुसऱ्याला हलवायचं, मग पहिल्याला जागेवर आणायचं. होण्यासारखं आहे, पण चार-पाच वर्षांत एखाद्या फ्लॅटला लागणाऱ्या गोष्टीसाठी आत्ता नको.

नॉमिनींचं मी उलट सांगितलं: कॉलमच बरे. तिघांच्या हिश्श्यांची बेरीज १०० व्हायला हवी, आणि तिन्ही एका ओळीत असल्यामुळे ती एका जागी तपासता येते. वेगवेगळ्या ओळी केल्या की ‘बेरीज १००’ हा नियम कोणत्याच एका ओळीचा राहत नाही, चेक कन्स्ट्रेंट (एका ओळीवर घातलेली अट) तो बघू शकत नाही, ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे एकदम पक्के होणारे बदल) कोडनेच बघावा लागतो. तसंही ५.७ मध्ये चेक कन्स्ट्रेंट लिहिला तर एरर येत नाही आणि तो लागूही होत नाही. ८.०.१६ पासून लागू होतो. तीनपेक्षा जास्त नॉमिनी देणारे सोसायटीत निघाले की बघू.

२८ जून

रात्री लाइव्ह. लॅपटॉपवरून नवी टेबलं चढवताना ‘अननोन कोलेशन’. ८.० चं नवं कोलेशन ५.७ ओळखत नाही. टेबलं डॉकरमधल्या ५.७ वरून पुन्हा काढली.

जुने कॉलम ड्रॉप केले नाहीत, फक्त नाव बदललं: जुने_वाहन१ वगैरे. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) चालवला की तोपर्यंतचं ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट (पक्कं) होतं, रोलबॅक करून मागे येता येत नाही. म्हणून आधी सगळा डेटा भरून, मोजून, कमिट करून, मग शेवटी रिनेम. नाव बदललं की जे कोड अजून जुना कॉलम वाचतंय ते लगेच ओरडतं. ड्रॉप केल्यावरही ओरडलंच असतं, पण तेव्हा हातात डेटा नसता.

ओरडलंच. पहाटे चालणारी एसएमएसची क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) फाइल अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये नव्हतीच, होस्टिंगच्या होम फोल्डरमध्ये होती, म्हणून माझ्या शोधात कधी आलीच नाही. ती मोबाइल१ वाचत होती. एका दिवसाचे एसएमएस गेले नाहीत, ते दुसऱ्या दिवशी पाठवले.

५ जुलै

जुलैची बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही कोडने काढून फ्लॅटमागे जुळवली. काही फ्लॅटांत फरक आला आणि या वेळी चूक नव्या कोडची नव्हती. जुनं कोड ‘रिकामी स्ट्रिंग नाही ना’ एवढंच बघायचं. ज्यांच्या वाहन२ मध्ये डॅश होता त्यांना ओपन पार्किंगचे तीनशे रुपये दर महिन्याला लागत होते. डॅशच्या गाडीचे. त्यातले बहुतेक फ्लॅट मालक बाहेरगावी असलेले, वर्षाचे पैसे एकदम भरणारे, बिलाचा तपशील न बघणारे. ‘विकली’ लिहिलेल्याचंही तेच, त्याला विकलेल्या गाडीचं भाडं चालू.

यादी खजिनदारांना दिली, प्रत्येक फ्लॅटपुढे जुना_रकाना आणि त्यातलं मूळ मूल्य. किती महिने मागे जायचं आणि रक्कम बिलात वळती करायची की परत द्यायची, हे कमिटी ठरवेल. ते माझं काम नाही. मी फक्त फॉर्ममध्ये एवढं केलं की नंबराच्या डब्यात अक्षरं आणि आकडे असं दोन्ही असल्याशिवाय ओळ सेव्ह होत नाही.

२ ऑगस्ट

ऑगस्टची बिलं बिनबोभाट निघाली. जुने_वाहन१ ते ४ आणि जुने_मोबाइल१ ते ३ आज ड्रॉप केले, आधी त्या सात कॉलमचा डम्प ऑफिसच्या पेनड्राइव्हवर आणि माझ्याकडे ठेवून. शेरा कॉलममधल्या पाचव्या-सहाव्या गाड्या हाताने नव्या फॉर्ममधून भरून घेतल्या, क्वेरीने नाही. तिथलं लिखाण इतकं मनमानी होतं की क्वेरी लिहिण्यापेक्षा टाइप करणं लवकर झालं. उरलेले अकरा हजार मिळाले. होस्टला मायएसक्यूएल ८ मागितलंय. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला आहे. पुढचं काम तेच.